विक्रेत्याचा ब्राउझर नेमका कोणाचा मुखत्यार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मोठी ऑनलाइन विक्रेता कंपनी लॅपटॉप आणि डेस्कटॉपसाठी स्वतःचा वेब ब्राउझर काढण्याच्या विचारात आहे आणि ब्राउझर बदलायचा झाल्यास तुम्हांला त्यात काय हवे, अशी चाचपणी तिने काही ग्राहकांकडे केली आहे. फुकट ब्राउझरांची वानवा नसताना वस्तू विकणाऱ्या कंपनीला हा उद्योग का सुचावा, आणि उद्या तो ब्राउझर आलाच तर घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्याचे म्हणणे आहे. मी गेली बारा वर्षे क्रोमियमवर, म्हणजे गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या खुल्या पायावर, आधारलेल्या ब्राउझरांच्या देखभालीचे काम करतो. त्यातली काही वर्षे मी अशा एका कंपनीत काढली आहेत, जिचा मूळ धंदा ब्राउझरचा नव्हता. आपल्या उपकरणांवर आपलाच ब्राउझर असावा, एवढीच तिची हौस होती. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

उत्तराचा गाभा एका जुन्या तांत्रिक शब्दात आहे. ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाकडे विनंती पाठवतो तेव्हा स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ तो सोबत जोडतो आणि त्या ओळीला ‘यूजर एजंट’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ब्राउझर हा वापरणाऱ्याचा मुखत्यार आहे. पान मागवायचे ते तुमच्या वतीने, कुकी, म्हणजे तुमची ओळख पटावी म्हणून संकेतस्थळाने दिलेली छोटी नोंद, ठेवायची की नाकारायची ते तुमच्या वतीने आणि फसवे संकेतस्थळ दिसले तर अडवायचे तेही तुमच्याच वतीने. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे त्याचे मुखत्यारपत्र मागावे, असा हा मामला आहे. दुकानदार प्रामाणिक असू शकतो, त्याचा माल उत्तम असू शकतो. तरीही एकाच माणसाने विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशी दोन्ही कामे करायची म्हटली की काही ठिकाणी त्याला बाजू निवडावीच लागते. ती ठिकाणे कोणती, हे पुढे येईलच.

ही कल्पना नवी नाही. ॲमेझॉनने सप्टेंबर २०११ मध्ये १९९ डॉलरचा किंडल फायर टॅबलेट जाहीर केला तेव्हा त्यात सिल्क नावाचा ब्राउझर होता. त्याची रचना त्या काळी खरोखरच कल्पक होती. पानाचे सुटे भाग गोळा करणे, चित्रांचा आकार कमी करणे, ही जड कामे ॲमेझॉनच्या ईसीटू नावाच्या सर्व्हरवर व्हायची आणि टॅबलेटकडे तयार माल एकाच जोडणीतून यायचा. त्या वेळच्या दुबळ्या टॅबलेटसाठी ही सोय रास्तच होती. परंतु वाचकाचा प्रत्येक पत्ता विक्रेत्याच्या सर्व्हरवरून जाणार हे लक्षात येताच, पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य एड मार्की यांनी जेफ बेझोस यांना पत्र लिहून कोणती माहिती गोळा होते आणि तिचे पुढे काय होते, अशी विचारणा केली. एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत अशी कुलूपबंद, पाने सर्व्हरला वळसा घालून थेट जातात आणि ही मधली सोय ग्राहकाला बंद करता येते, असा खुलासा कंपनीने केला. सिल्क आजही त्या कंपनीच्या टॅबलेटवर आणि टीव्हीला जोडण्याच्या उपकरणांवर चालतो. ज्याने ते उपकरण घेतले तो सिल्क वापरतो, मुद्दाम शोधून कोणी त्याच्याकडे येत नाही.

या खुलाशातला एन्क्रिप्शनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तेव्हा वेबवरची बहुतेक पाने उघडी होती; आज क्रोममध्ये उघडणाऱ्या पानांपैकी बहुतांश एचटीटीपीएस या एन्क्रिप्ट केलेल्या मार्गाने येतात. मधल्या सर्व्हरला किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आता फारसे काही दिसत नाही. ब्राउझर मात्र अशा टोकाला बसलेला असतो की जिथे पाकीट फोडूनच वाचावे लागते. त्याच्यापासून काही लपवण्याची सोयच नाही, कारण पान तोच रंगवतो, अक्षर तोच टिपतो आणि पासवर्ड तोच जपतो. नजर ठेवण्याच्या बाकीच्या जागा एकेक करून बंद होत गेल्या, तशी या एका जागेची किंमत वाढत गेली.

दुसरे उदाहरण अलीबाबाचे. या चिनी विक्रेता कंपनीने जून २०१४ मध्ये यूसी ब्राउझर बनवणारी कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. कमी डेटा खाणारा ब्राउझर म्हणून भारत आणि इंडोनेशियात तो कोट्यवधी लोकांच्या फोनवर होता, म्हणजे विक्रेत्याच्या मालकीचा ब्राउझर लोक आपण होऊन वापरतात हे त्याने सिद्ध करून दाखवले. पण मे २०१५ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने त्याची तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याचे शोधशब्द आणि उपकरणाची ओळख पटवणारी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचे आढळले. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचाही समावेश झाला. त्या बंदीमागे राजकीय तणावाचा मोठा भाग होता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: ब्राउझरवरचा विश्वास उडाला की त्याचा उपयोग कितीही असो, त्याच्या बाजूने बोलायला कोणी उभे राहत नाही.

आता हा उद्योग का सुचतो ते पाहू. एक साधी खरेदी डोळ्यांसमोर आणा. एका माणसाला आवाज दाबणारा हेडफोन घ्यायचा आहे. सोमवारी तो सर्च इंजिनमध्ये शोध घेतो, दोन परीक्षणे वाचतो. मंगळवारी रात्री एक व्हिडिओ पाहतो. बुधवारी उत्पादकाच्या संकेतस्थळावर जाऊन मॉडेलमधला फरक समजून घेतो, एका प्रतिस्पर्धी दुकानात तोच हेडफोन कार्टमध्ये टाकतो आणि पाठवणीचा खर्च पाहून तिथेच सोडून देतो. गुरुवारी तो आपल्या विक्रेत्याकडे येतो, नाव टाइप करतो आणि तीन मिनिटांत खरेदी करून निघून जातो. या चार दिवसांतली विक्रेत्याला दिसतात ती शेवटची तीन मिनिटे. जिथे निर्णय खरोखर झाला, तो सगळा पल्ला त्याच्या दृष्टीने अंधारात आहे. पूर्वी आधीच्या पानाचा पूर्ण पत्ता तरी हाती लागत असे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८५ पासून दुसऱ्या संकेतस्थळावर जाताना तो छाटून फक्त मूळ संकेतस्थळाचे नाव पाठवायचे, असे डीफॉल्ट झाले. सफारीने २०१७ पासून आणि फायरफॉक्सने २०१९ पासून पाठलाग करणाऱ्या कुकींची वाट अडवायला सुरुवात केली. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ बरोबर ॲपना पाठलाग करण्याआधी परवानगी मागायला लावली, तेव्हा त्यामुळे २०२२ सालात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने स्वतःच जाहीर केला होता.

विक्रेत्याला याचे एवढे काय, असे कोणी विचारील. उत्तर जाहिरातीत आहे. ॲमेझॉनने जाहिरातीचे उत्पन्न पहिल्यांदा वेगळे करून दाखवले ते २०२१ सालासाठी, तेव्हा ते ३१.२ अब्ज डॉलर होते. २०२४ मध्ये ते ५६.२ अब्ज झाले. म्हणजे ज्याला आपण दुकान म्हणतो ते आता जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात कंपन्यांपैकी एक आहे, आणि तिची जाहिरात दुकानाच्या बाहेरही झळकते. बाहेर जाहिरात दाखवायची तर समोरच्याला काय हवे आहे याचा अंदाज असावा लागतो, आणि तो अंदाज बांधण्याचे कायदे-नियम ब्राउझर बनवणारे ठरवतात. थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे पानावर दुसऱ्याच कंपनीने ठेवलेली कुकी, बंद करण्याची घोषणा गूगलने जानेवारी २०२० मध्ये केली, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. साडेचार वर्षे साऱ्या जाहिरात उद्योगाने एका प्रतिस्पर्ध्याच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून तयारी केली, यातच या जागेची सत्ता कळते. कुकीच्या जागी गूगलने फ्लॉक नावाची पद्धत सुचवली होती, तेव्हा २०२१ मध्ये ॲमेझॉनने आपल्या संकेतस्थळांवर ती अडवली होती. आपल्या गिऱ्हाइकांच्या चालीवरून गूगलने अंदाज बांधावेत, हे तिला मंजूर नव्हते.

बाहेरच्या पल्ल्याची ही माहिती विक्रेत्याला किती मोलाची वाटते, याचा एक छोटा पण बोलका दाखला आहे. जुलै २०१९ च्या प्राइम डे विक्रीत ॲमेझॉन असिस्टंट हे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवणाऱ्या ग्राहकांना कंपनीने पुढच्या खरेदीत १० डॉलरची सूट देऊ केली होती. ते एक्स्टेन्शन दुसऱ्या दुकानाच्या पानावरही किमतींची तुलना करून दाखवत असे आणि त्यासाठी ते पान वाचत असे. ग्राहकाला हा फायदा होता, यात शंका नाही. पण फुकट वस्तू घ्यायला कोणी वरून पैसे देत असेल, तर व्यवहारात विकली जाणारी वस्तू दुसरीच आहे, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हनी नावाच्या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनबाबत तुम्ही कोणती पाने पाहता ते टिपते, असा इशारा ॲमेझॉन आपल्या ग्राहकांना देत होती आणि हनी तेव्हा पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घ्यायचे ठरवले होते. तो इशारा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. फक्त तो कोणाच्या तोंडून आला, याची गंमत वाटते.

दुसरे कारण ॲड्रेस बारमध्ये दडलेले आहे. तिथे तुम्ही अक्षर टाइप करता, तसे सुचवण्या मिळाव्यात म्हणून ते अक्षर बहुधा डीफॉल्ट सर्च इंजिनकडे जाते. ‘हे’ लिहिले की एक विनंती, ‘हेड’ लिहिले की दुसरी. एंटर दाबायच्या आधीच तुमचा हेतू कोणाला तरी कळलेला असतो. ही पहिली नजर मिळवण्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या एकाधिकाराच्या खटल्यात उघड झाले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे उत्पन्नही मुख्यतः अशाच करारातून येते. विक्रेत्याकडे ब्राउझर असेल तर वस्तूचे नाव टाइप करणाऱ्याला सर्च इंजिनच्या दारात न पाठवता तो थेट आपल्या मांडणीपुढे आणून उभा करू शकतो. इथे मुखत्यारीचा पहिला पेच पडतो. वापरणाऱ्याने ‘हेडफोन’ लिहिले तेव्हा त्याला परीक्षण हवे होते, दुरुस्तीची माहिती हवी होती की दुकान, हे दुकानदाराने ठरवायचे का?

आता बनवण्याविषयी. बाहेरच्या लोकांना वाटते तितके ते कठीण नाही, आणि आतल्या लोकांना सुरुवातीला वाटते तितके सोपेही नाही. क्रोमियमचा सारा कोड खुला आहे. नाव, चिन्ह आणि मुखपृष्ठ बदलून चालता ब्राउझर उभा करायला चांगल्या संघाला काही महिने पुरतात. पान रंगवणारे स्वतःचे इंजिन लिहिण्याचा विचार आज कोणी शहाणा विक्रेता करणार नाही. ऑपेराने २०१३ मध्ये आपले प्रेस्टो इंजिन सोडले आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या इंजिनावर पाणी सोडून क्रोमियम पत्करले, त्यावरून त्या वाटेचा खर्च लक्षात यावा.

खरा खर्च पहिल्या आवृत्तीनंतर सुरू होतो. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ च्या सप्टेंबरपासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला. ज्यांनी क्रोमियममध्ये फेरफार करून आपला ब्राउझर काढला आहे, त्यांना प्रत्येक वेळी आपले फेरफार नव्या कोडवर पुन्हा बसवावे लागतात. आमच्या त्या जुन्या कंपनीत टूलबारवर ‘ऑफर’ नावाचे एक बटण होते. दिसायला बारीकसे, पण ते बसवताना आमच्या आधीच्या संघाने मूळ कोडच्या अनेक फायलींमध्ये हात घातला होता. एका आठवड्यात जावास्क्रिप्टच्या इंजिनातली एक गंभीर त्रुटी दुरुस्त होऊन आली, आणि नेमका त्याच आवृत्तीत टूलबारचा कोड क्रोमियमच्या मूळ संघाने नव्याने लिहिला होता. कोडमधून चालता ब्राउझर तयार होईना. बटण काढून दुरुस्ती ताबडतोब द्यावी, असे आमचे म्हणणे. बटणावर एका विभागाचे तिमाही उद्दिष्ट टांगलेले, म्हणून बटणासकटच द्यावी, असे वरिष्ठांचे. शेवटी बटण वाचले आणि दुरुस्ती नऊ दिवस उशिरा गेली. ते नऊ दिवस मला अजून टोचतात, कारण क्रोमियमची दुरुस्ती सर्वांना दिसेल अशी खुल्या भांडारात पडलेली असते. हल्ला करणाऱ्याला त्रुटी शोधायचे कष्टही पडत नाहीत, त्याने फक्त जुन्या-नव्या कोडमधला फरक वाचायचा. गंभीर त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या चुकांमधून येतात, असे क्रोमच्या संघाने २०२० मध्ये सांगितले होते. म्हणजे हा ओघ दोन-चार वर्षांत आटणारा नाही.

शिवाय पाण्यात राहून माशाशी वैर धरावे लागते, ते वेगळेच. क्रोमियमची दिशा मुख्यतः गूगल ठरवते. बुकमार्क आणि पासवर्ड जुळवून ठेवण्याची जी खाजगी सेवा इतर क्रोमियम ब्राउझर वापरत होते, ती गूगलने मार्च २०२१ पासून त्यांना बंद केली. एक्स्टेन्शनचे नियम मॅनिफेस्ट व्ही-३ च्या रूपाने बदलले, तेव्हा जाहिरात अडवणाऱ्यांच्या क्षमतेला कात्री लागली आणि बाकीच्या ब्राउझरांपुढे तो बदल स्वीकारा किंवा जुना कोड स्वखर्चाने सांभाळा, एवढेच पर्याय उरले. जाहिरातीतून कमाई करणारा विक्रेता यातला कोणता पर्याय निवडील, हे सांगायला नको.

वितरण हा याहून अवघड भाग. लोक ब्राउझर निवडत नाहीत, समोर असतो तो वापरतात. विंडोजबरोबर येणारा, सतत आर्जवे करणारा मायक्रोसॉफ्टचा एज डेस्कटॉपवर अंदाजे आठव्या हिश्शापर्यंतच पोहोचला आहे. क्रोमकडे गूगलचे मुखपृष्ठ आणि अँड्रॉइड होते, सफारीकडे ॲपलची उपकरणे. विक्रेत्याकडे स्वतःची उपकरणे नसतील तर त्याच्याकडे उरते ते सवलतीचे आमिष. उपकरणांचा मार्गही खात्रीचा नाही: ॲमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोन आणला आणि त्याच वर्षी त्यापोटी सुमारे १७ कोटी डॉलरचा तोटा लिहून काढला.

विश्वासाच्या बाबतीत या क्षेत्राचा इतिहास विक्रेत्याला अजिबात अनुकूल नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपांवर आधीपासून भरलेले सुपरफिश उघडकीस आले. पानातल्या चित्रावरून तशाच वस्तूंच्या जाहिराती दाखवणे, हे त्याचे काम, आणि एन्क्रिप्ट केलेल्या पानातही डोकावता यावे म्हणून त्याने प्रत्येक यंत्रावर स्वतःचे विश्वासपत्र, म्हणजे संकेतस्थळाची ओळख खरी असल्याची ग्वाही देणारे सर्टिफिकेट, बसवले होते. त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांवर एकच होती. खरेदीच्या चार जास्तीच्या शिफारशी दाखवता याव्यात म्हणून बँकेच्या पानाचे कुलूपसुद्धा खिळखिळे करून ठेवले गेले. अवास्ट ही तर सुरक्षेची कंपनी. तिच्या उत्पादनांनी गोळा केलेला, कोण कोणती पाने पाहतो याचा इतिहास जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकला जात होता, हे जानेवारी २०२० मध्ये बाहेर आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही. गोपनीयतेचा झेंडा मिरवणाऱ्या ब्रेव्ह या ब्राउझरनेही २०२० मध्ये एका आभासी चलनाच्या बाजारपेठेचा पत्ता टाइप करणाऱ्यांच्या पत्त्याला आपला कमिशनचा कोड जोडून दिला होता. बोभाटा झाल्यावर प्रमुखांनी माफी मागून ते बंद केले. तिघांचे हेतू आणि अपराध सारख्या वजनाचे नाहीत. परंतु ज्याचा मूळ धंदा ऑनलाइन दुकान चालवणे हा नाही, त्यालाही त्या जागेवर बसल्यावर मोह आवरला नाही, हे तिन्हींत सारखेच आहे.

युरोपात या मोहाला कायद्याचा अटकाव आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनची बाजारपेठ आणि जाहिरात या दोन्ही सेवा द्वारपाल सेवा, म्हणजे जास्तीची बंधने पाळावी लागणाऱ्या बड्या सेवा, ठरल्या. अशा सेवेतली वैयक्तिक माहिती आपल्याच दुसऱ्या सेवेतल्या माहितीशी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून जोडता येत नाही. उल्लंघनाचा दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ब्राउझरमधले वाचन आणि दुकानातला खरेदीचा इतिहास एकत्र करणे, जो या साऱ्या उद्योगाचा आर्थिक पाया आहे, तोच तिथे संमतीच्या एका चौकोनावर अवलंबून राहतो.

एवढ्या अडचणी असूनही हा विचार पुन्हा का डोके वर काढतो? माझ्या मते गेल्या वर्षा-दोन वर्षांत कारण बदलले आहे. आधी विक्रेत्याला गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येते ते पाहायचे होते. आता त्याला गिऱ्हाईकच दिसेनासे होण्याची भीती आहे. पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीने जुलै २०२५ मध्ये कॉमेट आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲटलस हा ब्राउझर आणला. या ब्राउझरांना ‘मला अमुक किमतीत असा हेडफोन घेऊन दे’ म्हटले की ते स्वतः दुकानात शिरून वस्तू निवडू पाहतात. त्या व्यवहारात प्रायोजित मांडणी, शेजारच्या शिफारशी, ‘हेही आवडेल’ ची रांग, यांतले काहीच माणसाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ५६ अब्ज डॉलरचे जाहिरात उत्पन्न ज्या नजरेवर उभे आहे, ती नजरच निघून जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने पर्प्लेक्सिटीवर दावा लावला; कॉमेटचा सहायक दुकानात वावरताना आपण यंत्र आहोत हे सांगत नाही, अशी तिची मुख्य तक्रार. वापरणाऱ्याने नेमलेल्या मुखत्याराला वापरणाऱ्याइतकाच अधिकार आहे, असा पर्प्लेक्सिटीचा प्रतिवाद. वाद अखेर यूजर एजंट या जुन्या शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला, याचे माझ्यासारख्याला नवल वाटत नाही. याच ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या ॲपमधून इतरांच्या संकेतस्थळांवरची वस्तू ग्राहकाच्या वतीने विकत घेऊन देण्याची सोय चाचणीला काढली होती, हेही लक्षात ठेवावे. मुखत्यार नको असे नाही. तो आपला असावा, एवढेच.

म्हणून विक्रेता कंपनी ब्राउझरचा विचार करते तेव्हा मी तिला भोळसट म्हणत नाही. तिच्या जागी मी असतो, तर सर्वसाधारण डेस्कटॉप ब्राउझर काढण्याच्या फंदात मात्र पडलो नसतो. आपल्या उपकरणांवरचा ब्राउझर नीट राखणे आणि इतरांच्या सहायकांशी कोणत्या अटींवर व्यवहार करायचा हे ठरवणे, यांत पैसा आणि माणसे घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

राहिला घ्यावा की नाही हा प्रश्न. घ्यायचाच असेल तर रोजचा ब्राउझर म्हणून घेऊ नये. त्यात बँक, वैद्यकीय माहिती आणि कार्यालयीन काम उघडू नये. दुकानाच्या खात्याने ब्राउझरमध्ये साइन इन करणे आणि दुकानाच्या संकेतस्थळावर साइन इन करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केल्यावाचून चालत नसेल तर तिथेच थांबावे. सुरक्षेचे अपडेट क्रोमच्या अपडेटपासून किती दिवसांनी येते, हे महिनाभर आवृत्तीचे आकडे टिपून कोणालाही पाहता येते. अंतर आठवड्याच्या पुढे जात असेल तर बाकीचे गुण पाहायची गरज नाही. जाहिरात अडवणारे एक्स्टेन्शन दुकानाच्या स्वतःच्या पानावरही चालते का, तेही पाहावे.

मी स्वतः तो रिकाम्या संगणकावर बसवीन, शिफारशी, सुचवण्या, तुलना आणि निदानाची माहिती पाठवण्याच्या सगळ्या सोयी सेटिंगमध्ये बंद करीन, जाणाऱ्या-येणाऱ्या विनंत्या दाखवणारा प्रॉक्सी मध्ये लावीन आणि एका प्रतिस्पर्धी दुकानातले हेडफोनचे पान उघडीन. ते पान उघडताना विक्रेत्याच्या सर्व्हरकडे त्या पानाचा पत्ता, नाव किंवा त्यावरून काढलेली कसलीही खूण गेली, तर तो ब्राउझर त्या संगणकावरून त्याच दिवशी निघेल.